ग्रह आतला की बाहेरचा? कॅलेंडर, मूठ आणि गच्ची एवढ्यावर कसं ओळखायचं

मागे मामेबहिणीच्या लग्नाचं बघणं चालू होतं, तेव्हा मामीने एक पत्रिका माझ्यापुढे सरकवली, म्हणाली तुला त्या ग्रहताऱ्यांचं वेड आहे ना, मग बघ जरा काय म्हणतायत ते. मी म्हटलं मामी, मला आकाशातलं थोडंफार कळतं, पत्रिकेतलं ओ की ठो कळत नाही. पण सहज नजर गेली तर रवी मेषेत आणि बुध थेट सिंहेत! म्हटलं मुलगा चांगला असेलही पण ही पत्रिका चुकलीय. सगळे गप्प. मग तिकडे फोन झाला, त्यांनी मूळ कागद शोधून काढला, तर हाताने उतरवून घेताना कोणीतरी बुध भलत्याच घरात लिहिला होता. तेव्हापासून मामी सगळीकडे सांगत सुटलीय की ह्याला पत्रिका येते आणि उगाच लपवून ठेवतो.

खरंच येत नाही हो. मला फक्त एवढं माहितीय की बुध आकाशात सूर्यापासून २८ अंशांपेक्षा लांब जाऊच शकत नाही. एक रास ३० अंशांची, म्हणजे बुध एकतर रवीच्याच घरात नाहीतर लागून असलेल्या शेजारच्या घरात, तिसरा पर्याय नाही. शुक्राला थोडी जास्त मोकळीक, तो ४७ अंशांपर्यंत जातो, म्हणून फार तर मधलं एक घर सोडून पुढच्या घरात दिसेल. आणि मंगळ, गुरू, शनी? त्यांना काहीच बंधन नाही, ते रवीच्या मांडीला मांडी लावून पण बसतात आणि बरोबर समोर सातव्यात पण जातात. आत्ता घरातल्या दोनचार पत्रिका काढून बघा, भविष्य खरं ठरो न ठरो, हे मात्र प्रत्येकीत खरंच निघणार. (नाही निघालं तर आमच्या मामीकडे पाठवा.)

हा फरक पडतो कारण बुध आणि शुक्र पृथ्वीच्या कक्षेच्या आत फिरतात आणि बाकी सगळे बाहेर. आतल्यांना अंतर्ग्रह म्हणतात, बाहेरच्यांना बहिर्ग्रह. पुस्तकात हे दोन ओळीत उरकतात आणि मुलं पाठ करतात. पण पुस्तक बंद ठेवून, आकाशातला एखादा ठिपका बघून हा आतला की बाहेरचा हे स्वतः ठरवता येतं का? येतं, आणि त्याला दुर्बीणही लागत नाही. तेच खाली लिहितोय.

आधी एक शब्दांचा घोळ मिटवून टाकू, नाहीतर पुढे भांडणं होतात. अंतर्ग्रह हा शब्द लोक दोन अर्थांनी वापरतात. एक म्हणजे लघुग्रहांच्या पट्ट्याच्या आतले, त्यात बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ असे चार दगडी ग्रह येतात. दुसरा म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या आतले, त्यात फक्त दोनच, बुध आणि शुक्र. मंगळाची त्यामुळे फार ओढाताण होते, पहिल्या हिशोबात तो आतला आणि दुसऱ्या हिशोबात बाहेरचा. एका क्विझमध्ये ह्याच्यावरून चांगली दहा मिनिटं वादावादी झालेली मी बघितलीय आणि दोन्ही बाजू बरोबर होत्या. माझं मत असं की दगडी ग्रहांना सरळ दगडी ग्रह म्हणावं आणि अंतर्ग्रह हा शब्द पृथ्वीच्या कक्षेसाठी राखून ठेवावा. ह्या लेखात तसंच आहे. आणि पृथ्वी दोन्हीत नाही, ती फूटपट्टी आहे.

आधी कागदावर काढा

आकाशाकडे बघायच्या आधी हे कराच, पंधरा मिनिटं लागतात. एक ए-फोर कागद घ्या, मुलांच्या कंपासपेटीतलं कर्कटक घ्या. मधे सूर्याचा ठिपका. पृथ्वी ते सूर्य अंतर ५ सेंटिमीटर धरा. मग बुधाचं वर्तुळ येतं १.९ सेंटिमीटर त्रिज्येचं, शुक्राचं ३.६, पृथ्वीचं ५ आणि मंगळाचं ७.६. एवढं कागदावर मावतं. गुरू काढायचा तर २६ सेंटिमीटर आणि शनी ४८, नेपच्यूनला तर दीड मीटर लागतो, ते अंगणात रांगोळीने काढा हौस असेल तर.

आता पृथ्वीच्या वर्तुळावर कुठेही एक ठिपका द्या, हे आपण. तिथून सूर्याकडे एक रेघ. आणि तिथूनच शुक्राच्या वर्तुळाला नुसती चाटून जाणारी दुसरी रेघ, म्हणजे दहावीतली स्पर्शिका. ह्या दोन रेघांमधला कोन कोनमापकाने मोजा, ४६ अंशांच्या आसपास येईल. शुक्र त्याच्या वर्तुळावर कुठेही असू दे, त्या कोनाच्या बाहेर तुम्हाला तो दिसूच शकत नाही, गळ्यात दावं बांधलेल्या वासरासारखं आहे ते, खुंटा म्हणजे सूर्य. बुधाचं करा, २३ च्या आसपास येईल. खऱ्या आकाशात बुधाचा हा कोन कधी १८ तर कधी २८ येतो कारण त्याची कक्षा चांगलीच लांबट आहे आणि आपण कागदावर गोल काढली. सूर्यापासूनच्या ह्या कोनाला मराठीत इनापगम म्हणतात, इन म्हणजे सूर्य, अपगम म्हणजे लांब जाणं. सुंदर शब्द आहे पण कोणी वापरत नाही.

आता मंगळाचं करायला जा. स्पर्शिका काढताच येत नाही! आपण त्याच्या वर्तुळाच्या आतच उभे आहोत ना. रेघ सगळीकडे फिरते, सूर्याच्या दिशेला पण मंगळ असू शकतो आणि पाठीमागे १८० अंशांवर पण. सगळा खेळ एवढाच आहे. प्रश्न एकच विचारायचा, हा ग्रह सूर्याच्या समोरच्या बाजूला जाऊ शकतो का? जाऊ शकला तर बाहेरचा.

ज्यांना त्रिकोणमिती आवडते त्यांच्यासाठी: ४६ अंशांचा साइन घ्या, ०.७२ येतो, आणि शुक्राचं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या ०.७२ पटच आहे. म्हणजे गच्चीवरून कोन मोजून शुक्राची कक्षा केवढी ते काढता येतं, नुसती आत आहे एवढंच नाही.

मूठ, तिथी आणि मध्यरात्र

हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते. वीत ताणली तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत २० च्या थोडं वर. लहान मुलाचा हात लहान आणि मूठही लहान, त्यामुळे सगळ्यांना साधारण सारखंच येतं. सूर्य मावळला की लगेच जिथे मावळला ती जागा लक्षात ठेवा आणि तिथून तिरकं ग्रहापर्यंत मुठी मोजा. साडेचार मुठींच्या आत आहे? शुक्र असू शकतो. पाच-सहाच्या पुढे गेलं? मग तो शुक्र नाही, बुध तर नाहीच, बाहेरचा कोणीतरी आहे, विषय संपला.

पण मुठीपेक्षा मला तिथीची पद्धत जास्त आवडते, कारण ती आपल्या भिंतीवर आधीच टांगलेली असते. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी, व्याख्याच तशी आहे. मग चंद्र ही आयती फूटपट्टी झाली की. दर महिन्याला चंद्र प्रत्येक ग्रहाच्या जवळून जातो, तो जाईल त्या दिवशी कॅलेंडर बघायचं. शुक्राशेजारी संध्याकाळचा चंद्र असेल तर ती शुद्ध चतुर्थीच्या आतलीच तिथी असणार (४७ भागिले १२ करून बघा), आणि पहाटेचा असेल तर वद्य द्वादशीच्या पुढची. चंद्र अगदी खेटून नसला तर एखादी तिथी इकडेतिकडे होते, तेवढं चालवून घ्या. बुधाला आणखी कमी, संध्याकाळी तृतीयेपर्यंत. म्हणूनच शुक्राशेजारी फोटोत नेहमी चंद्रकोरच असते, कधी अर्धा चंद्र किंवा पूर्ण चंद्र दिसलाय का? कोणी पौर्णिमेच्या चंद्राशेजारी शुक्र म्हणून फोटो फॉरवर्ड केला तर तो गुरू तरी आहे नाहीतर फोटोशॉप.

उलट बाजूने बघा. संकष्टीला आपण चंद्रोदयाची वाट बघत गच्चीवर जातोच. वद्य चतुर्थीचा तो चंद्र सूर्यापासून १३२ ते १४४ अंशांवर असतो, त्यामुळे संकष्टीच्या चंद्राजवळ जर एखादा न लुकलुकणारा ठळक ठिपका दिसला तर डोळे झाकून सांगा, बहिर्ग्रह. रंग तांबूस असेल तर मंगळ, पांढरा झगझगीत असेल तर गुरू, फिकट पिवळसर असेल तर शनी. मोदक गार होईपर्यंत एवढं काम होतं.

आणि सगळ्यात सोपी म्हणजे मध्यरात्रीची परीक्षा. मध्यरात्री सूर्य आपल्या पायाखाली असतो, त्याच्यापासून ४७ अंशांत दावणीला बांधलेला ग्रह तेव्हा क्षितिजाच्या वर येणारच कसा? आपल्या महाराष्ट्रातून रात्री बारा वाजता बुध किंवा शुक्र दिसणं अशक्य. त्या वेळेला जो ग्रह दिसेल तो बाहेरचा. कोजागिरीला आपण बारा वाजता दूध पीत जागे असतोच, वर बघायला काय जातंय.

इथे बहुतेक सगळे फसतात, मी पण फसलो

वरच्या सगळ्या परीक्षा एकाच बाजूने चालतात. सूर्यापासून लांब दिसला म्हणजे नक्की बाहेरचा. पण जवळ दिसला म्हणजे आतला असं नाही! गुरूसुद्धा वर्षातून एकदा पश्चिमेला खाली खाली येत सूर्याच्या उजेडात बुडतो. मी नवीन असताना पश्चिमेला दोन मुठींवर एक झगझगीत ठिपका बघून आख्ख्या सोसायटीला शुक्र दाखवला होता, शेजारच्या काकांनी तर हात पण जोडले. महिनाभराने कळलं की तो गुरू होता. अजून ऐकवतात.

अशा वेळी एका रात्रीत निकाल लागत नाही, दोनतीन आठवडे द्यावे लागतात. रोज त्याच वेळेला, म्हणजे समजा सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, तीच जागा बघायची, समोरच्या इमारतीची टाकी किंवा नारळाचं झाड खूण म्हणून धरायचं. संध्याकाळच्या आकाशात बहिर्ग्रह दिवसेंदिवस खालीच जातो. कारण सूर्य ताऱ्यांमधून दिवसाला जवळजवळ एक अंश पूर्वेला सरकतो आणि बाहेरचे ग्रह त्याच्यापेक्षा सावकाश चालतात, म्हणून सूर्य त्यांना मागून येऊन गाठतो. मंगळ त्यातल्या त्यात झपझप चालतो म्हणून तो महिनोन्महिने लटकत राहतो, पण तो पण शेवटी खालीच. आतला ग्रह मात्र पश्चिमेच्या उजेडातून नव्याने उगवून रोज थोडा थोडा वर चढताना दिसू शकतो. पश्चिमेला संध्याकाळी नवीन दिसायला लागलेला आणि चढत चाललेला ग्रह म्हणजे हमखास आतला.

आपल्या पंचांगवाल्यांना हे शेकडो वर्षं माहिती आहे. पंचांगात अस्त-उदयाच्या ओळी असतात ना, गुरू-शुक्राचा अस्त असला की लग्नाचे मुहूर्त बंद म्हणून सगळे ज्या ओळी शोधतात त्या. हा रोजचा मावळण्याचा अस्त नाही, सूर्याच्या उजेडात दिसेनासं होणं आहे. त्या ओळी नीट वाचा. गुरू, शनी, मंगळ कायम पश्चिमेला अस्त पावतात आणि पूर्वेला उदय पावतात, दुसरा प्रकारच नाही. शुक्र आणि बुधाचे मात्र दोन-दोन प्रकार, कधी पश्चिमेला अस्त आणि पूर्वेला उदय, तर कधी पूर्वेला अस्त आणि पश्चिमेला उदय. पहिल्या प्रकारात शुक्र आपल्या आणि सूर्याच्या मधून जातो, ती अंतर्युती, आणि तेव्हा तो आठ-दहा दिवसांतच पुन्हा दिसतो. दुसऱ्यात तो सूर्याच्या पलीकडून जातो, ती बहिर्युती, आणि तेव्हा दीड-दोन महिने गायब. म्हणजे आकाश न बघता, नुसत्या पंचांगाच्या त्या दोन ओळींवरून कुठला ग्रह आतला ते सांगता येतं. लग्नाचा हॉल बुक करणाऱ्यांना हे तोंडपाठ असतं, कारण माहिती नसतं एवढंच.

आर्यभटाच्या ग्रंथात तर ही वर्गवारी आकड्यांतच बसवलेली आहे. इ. स. ४९९ च्या त्या गणितात ४३,२०,००० वर्षांच्या एका महायुगात सूर्य जितक्या फेऱ्या मारतो तितक्याच बुध आणि शुक्राच्या धरल्यात, कारण पृथ्वीवरून बघताना ते सूर्याला सोडून जातच नाहीत, सरासरी तेवढीच येणार. आणि मग त्यांच्या शीघ्रोच्च नावाच्या एका बिंदूच्या फेऱ्या वेगळ्या दिल्यात, बुधाच्या १,७९,३७,०२० आणि शुक्राच्या ७०,२२,३८८. महायुगाचे दिवस १,५७,७९,१७,५००. कॅल्क्युलेटर घ्या आणि भागा, बुधाचे येतात ८७.९७ दिवस आणि शुक्राचे २२४.७. हे त्यांचे सूर्याभोवती फिरायचे खरे काळ आहेत! मंगळ-गुरू-शनीचं बरोब्बर उलटं, त्यांच्या स्वतःच्या फेऱ्या खऱ्या आणि शीघ्रोच्च म्हणजे सूर्य. मांडणी पृथ्वी मधे धरूनच आहे, पण दोन जातींचे ग्रह दोन वेगळ्या पद्धतीने हाताळायला लागतात हे गणिताने पकडलेलं आहे. मी पहिल्यांदा हा भागाकार केला तेव्हा दोनदा तपासला होता.

वक्री, आणि घड्याळाचे काटे

वक्री म्हणजे ग्रह ताऱ्यांमधून उलटा चालताना दिसणं. हा शब्द ऐकला की लोक घाबरतात, इथे फक्त बघायचं की ग्रह वक्री होतो तेव्हा सूर्य कुठे असतो. मंगळ, गुरू, शनी वक्री होतात ते सूर्याच्या समोर असताना, प्रतियुतीच्या आगेमागे, कारण तेव्हा आपली पृथ्वी आतल्या लेनमधून त्यांना ओव्हरटेक करत असते आणि शेजारच्या लेनमधला ट्रक मागे जातोय असं वाटतं तसं होतं. तेव्हाच ते सगळ्यात जवळ, सगळ्यात ठळक आणि रात्रभर दिसतात. बुध-शुक्र वक्री होतात ते सूर्याच्या शेजारी असताना, अंतर्युतीच्या आगेमागे, कारण तेव्हा ते आपल्याला ओव्हरटेक करतात. बुध वर्षात तीनेक वेळा, दर वेळी तीन आठवडे. शुक्र दीड वर्षाने, सहा आठवडे. सूर्यासमोर वक्री तो बाहेरचा, सूर्याजवळ वक्री तो आतला.

किती दिवसांनी हा ओव्हरटेक होतो त्याचं गणित घड्याळाच्या काट्यांचं आहे. बारा वाजता दोन्ही काटे एकावर एक असतात, परत एकावर एक कधी येतात? एक तासाने नाही, एक तास साडेपाच मिनिटांनी, कारण मधल्या वेळात लहान काटा पण थोडा पुढे गेलेला असतो. ग्रहांचं सेम. पृथ्वीची फेरी ३६५.२५ दिवसांची, मंगळाची ६८७ ची. १ भागिले ३६५.२५ मधून १ भागिले ६८७ वजा करा, जे येईल त्याने परत १ ला भागा, येतात ७८० दिवस. म्हणून मंगळ दोन वर्षं आणि दीडेक महिन्याने एकदा झळकतो, १६ जानेवारी २०२५ ला झळकला होता, पुढचा १९ फेब्रुवारी २०२७ ला. आतल्या ग्रहाला वजाबाकी उलटी, १ भागिले त्याचा काळ आधी लिहायचा, कारण तो जास्त पळतो. शुक्राचे ५८४ येतात, बुधाचे ११६. गुरूचे ३९९, शनीचे ३७८, युरेनसचे ३७० आणि नेपच्यूनचे साधारण ३६७ दिवस. बाहेर जाल तसा हा आकडा वर्षाच्या जवळ जवळ येत जातो, कारण लांबचे ग्रह जवळपास जागेवरच बसलेले, पृथ्वीच गोल फिरून परत त्यांच्यापाशी येते. युरेनस आणि नेपच्यूनबद्दल ह्याहून जास्त लिहिण्यासारखं गच्चीवाल्यांसाठी काही नाही, ते बाहेरचे आहेत, दुर्बिणीत ठिपके दिसतात, बस.

मंगळाच्या ह्या प्रतियुती सगळ्या सारख्या नसतात. २७ ऑगस्ट २००३ ला तो ५.५८ कोटी किलोमीटरवर आला होता, आणि सूर्याच्या पलीकडे गेला की ४० कोटींच्या आसपास जातो. त्या २००३ च्याच बातमीचा पुढे मंगळ चंद्राएवढा दिसणार असा मेसेज झाला आणि तो अजून दर ऑगस्टमध्ये फिरतो. तो पुढे पाठवू नका.

दुर्बीण असेलच तर

मग कला बघा. शुक्राला चंद्रासारख्या कला असतात, बारीक कोरीपासून जवळजवळ पूर्ण बिंबापर्यंत सगळ्या. गॅलिलिओने १६१० मध्ये हे पाहिलं आणि पृथ्वीभोवती सगळं फिरतं ह्या मांडणीची पंचाईत झाली, कारण त्या जुन्या मांडणीत शुक्र कायम सूर्याच्या अलीकडेच होता, त्याला भरलेलं बिंब मिळायलाच नको होतं. बहिर्ग्रहाची कधीच कोर होत नाही, आपण सूर्याच्या बाजूनेच त्याच्याकडे बघतो ना, त्याचा उजळलेला चेहराच आपल्याकडे असतो. मंगळ फार तर द्वादशी-त्रयोदशीच्या चंद्राइतका एका बाजूने उतरतो, गुरू-शनीचं तेवढंही कळत नाही.

साध्या १०×५० च्या बायनॉक्युलरने शुक्राची कोर दिसते, पण दोन अटी. एक, अंतर्युतीच्या महिनाभर अलीकडे-पलीकडे बघा, तेव्हा तो जवळ आणि मोठा असतो. दोन, काळोख व्हायची वाट बघू नका, अंधारात तो इतका झगमगतो की नुसता पसारा दिसतो, आकाश अजून निळसर असतानाच बघा आणि कोपर भिंतीवर टेकवा, हातात धरून जमत नाही. पण सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय बायनॉक्युलर त्या दिशेला वळवायचाच नाही, पहाटे असेल तर उगवायच्या चांगलं आधी थांबायचं. बुध शोधताना लोक उतावळेपणा करतात, बायनॉक्युलरमध्ये चुकून सूर्य आला तर डोळा कायमचा जातो, इथे मस्करी नाही. बुधासाठी बाकी कोकणात जा, गुहागर किंवा हर्णैसारखं मोकळं समुद्राचं पश्चिम क्षितिज असेल तर काम सोपं होतं, आमच्याकडे डोंगर आणि टॉवर मिळून पहिले दहा अंश खातात आणि बुधाकडे असतात एकूण वीस.

आत असल्याचा सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे अधिक्रमण, ग्रह सूर्याच्या तबकडीवरून काळा ठिपका होऊन जाणं. आतल्या दोघांशिवाय कुठल्याही ग्रहाला ते जमत नाही. ८ जून २००४ ला सकाळी पावणेअकराच्या सुमारास शुक्राचं सुरू झालं होतं, ग्रहणाच्या चष्म्यातून नुसत्या डोळ्यांना तो ठिपका दिसला होता आणि वडील म्हणाले एवढ्यासाठी तू जेवायचा थांबलास? २०१२ ला ६ जूनला परत झालं. आता शुक्राचं पुढचं डिसेंबर २११७ मध्ये, म्हणजे आपलं हुकलंच. बुधाचं १३ नोव्हेंबर २०३२ ला आहे, तेवढं वहीत लिहून ठेवा, पण त्याला फिल्टर लावलेली दुर्बीणच लागते, ठिपका फार बारीक.

हीच पट्टी लघुग्रहांना पण लावतात, तिथे जरा चार कप्पे आहेत कारण त्यांच्या कक्षा लांबट. कायम पृथ्वीच्या कक्षेच्या आत राहणारे ते अतिरा गटाचे. कक्षा ओलांडणारे पण सरासरी अंतर पृथ्वीपेक्षा कमी ते अटेन, ओलांडणारे आणि सरासरी अंतर जास्त ते अपोलो, आणि बाहेरून जवळ येऊन न ओलांडता परत जाणारे ते अमोर. अपोफिस नावाचा लघुग्रह सध्या अटेन आहे, १३ एप्रिल २०२९ ला तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून साधारण ३२,००० किलोमीटरवरून जाणार आणि आपल्या ओढीने त्याची कक्षाच अशी बदलणार की तो पुढे अपोलोमध्ये मोजला जाईल. ग्रहांना असली बदली मिळत नाही.

आता कधी बघायचं. २०२६ मध्ये शुक्र संध्याकाळी पश्चिमेला आहे, १५ ऑगस्टच्या सुमारास सूर्यापासून सगळ्यात लांब, जवळपास ४६ अंश. पण तेव्हा आपल्याकडे ढगच, त्यामुळे मुठी मोजायचं काम सप्टेंबरच्या उघडिपीवर ठेवा, तोपर्यंत तो खाली यायला लागलेला असेल आणि बायनॉक्युलरमध्ये कोर पण होत आलेली असेल. ४ ऑक्टोबरला शनीची प्रतियुती, म्हणजे पश्चिमेला शुक्र मावळताना पाठ फिरवली की पूर्वेला शनी उगवतोय. २४ ऑक्टोबरला शुक्राची अंतर्युती, तो दिसणार नाही, त्याच सुमाराला कोजागिरी, बारा वाजता चंद्राच्या पश्चिमेला दोनेक मुठींवर शनी शोधा. आणि मग ८ नोव्हेंबरला नरकचतुर्दशी. त्या दिवशी पहाटे उटणं लावायच्या आधी पाच मिनिटं गच्चीवर जा, साडेपाच-पावणेसहाला. डोक्याकडे उंच गुरू आणि त्याच्याजवळच तांबूस मंगळ, हे दोघं सूर्यापासून आठ मुठींवर. आणि खाली पूर्वेला क्षितिजाच्या जरासा वर, नुकताच परत आलेला शुक्र, जेमतेम दोन मुठींवर. बायनॉक्युलर असेल तर सोबत न्या, त्याची अगदी नखाएवढी कोर दिसेल. पण सूर्य उगवायच्या आत खाली या, पाणी तापलेलं असतं आणि घरातले हाका मारत असतात.